मधलं पाणी

कणकवलीच्या स्टुडिओत वीस वर्षं
मी एकच वाक्य बोलत आलो :
जरा जवळ सरका.
नवरानवरी, सासूसून, सोसायटीचे संचालक,
वाटणीच्या आदल्या दिवशी आलेले चार भाऊ,
अजून जवळ, हात खांद्यावर,
आणि मागे रंगवलेला धबधबा,
ज्यानं कधी कोणाला भिजवलं नाही.
खांद्याला खांदा लागला की नातं झालं.
बटण दाबायचं. चाळीस रुपये.

तळाशीलला गेलो तो बारशाच्या फोटोंसाठी.
बाळ झोपलेलं. आई म्हणाली, उठेल तासाभरात,
तोवर रापण बघून या.

एका अंगाला खाडी, एका अंगाला दर्या,
मध्ये गाव, पापडासारखं पातळ.
पाण्यातून दोन दोर वर आलेले,
एक इथं,
दुसरा तिकडे, दोनेकशे पावलांवर, सुरूच्या बनापाशी.
ह्या दोराला दहाबारा माणसं, त्या दोराला तितकीच,
टाचा वाळूत रुतवून मागे मागे जाणारी.
मध्ये काहीच नाही.
एक कुत्रं होतं, तेही निघून गेलं.

टोपली उपडी घालून बसलेल्या बाईनं
न विचारताच सांगितलं :
"ह्यो अंकुश खवणेकर, थंयचो तो नाथो सारंग.
एका होडयेत वाढले. नाथो गोव्याच्या ट्रॉलरार गेलो,
तेच्यापासून बोलणा नाय. सात वर्सां."
आणि एकच रापण ओढतात?
"मगे? जाळा काय बोलण्यार येता?"

आधी अंकुशला घेतलं, लांबचं भिंग लावून.
मानेच्या शिरा, भुवयांवरचं मीठ. चांगला आला.
मग नाथाला. तोही चांगला.
दोन चांगले फोटो,
आणि दोन्हींत एक माणूस
उगाचच एक दोर ओढतोय.

मग मी मागे सरकलो.
पायांना विचित्र वाटलं.
आजवर लोकांना सरकवलं,
स्वतः हलायची सवय नव्हती.
कलंडलेल्या होडीपर्यंत, उंडीच्या झाडापर्यंत,
शेवटी पाठ चिव्याच्या कुंपणाला टेकली
तेव्हा दोघं एका चौकटीत मावले :
डाव्या काठाला नखाएवढा एक,
उजव्या काठाला नखाएवढा दुसरा,
आणि मध्ये नुसतं पाणी, करडं, सकाळचं.

बोट बटणावर ठेवून थांबलो.
अंकुश रेलला, नाथा अजून सरळ.
नाथा रेलला, अंकुश हात बदलत होता.
कोणीतरी हाळी दिली
आणि दोघंही एकाच कोनात कलले,
तोंडं पाण्याकडे, एकमेकांकडे नाहीत,
न दिसणाऱ्या एकाच वजनाला.

तेवढंच घेतलं.

पुढे दोर जवळ येत गेले. रापणीत येतातच.
शेवटी दोघं कोपराला कोपर लावून
बांगडे उपसत होते,
अगदी माझ्या वीस वर्षांच्या वाक्याबरहुकूम.
तो फोटो काढला नाही.
बाळ उठलं होतं.

महिन्याभरानं अंकुश बाजाराला आला, स्टुडिओत चढला.
फोटो उजेडाकडे धरून म्हणाला,
"माका एकट्याक कापून दी."
म्हटलं, देतो, पण मग तुमचा दोर
पाण्यात शिरतो तिथेच संपेल.
तो बघत राहिला. बाहेर एसटी लागली, सुटली.
"मधी येवढा पाणी कित्याक रे घेतलंस?"
मी उत्तर जुळवत होतो.
तेवढ्यात त्यानंच अंगठा,
दोरानं घासून गुळगुळीत झालेला,
बरोबर मधल्या रिकाम्या पाण्यावर टेकवला.
"हां. जाळा हयसर आसा."

चकचकीत कागदावर तिथं डाग पडला.
मी पुसायला फडकं घेतलं,
तर नको म्हणाला.